दर पावसाळ्यात घोड्याचे खूर सडतात? औषध बदलण्याआधी ठाणाची जमीन बघा

मृगाचा पाऊस लागला की पंधरा दिवसांत सुरू होतं. सकाळी खरारा करताना पाय उचलायचा, आकड्याने खूर साफ करायचा आणि तो वास नाकात जातो. कुजक्या मांसासारखा वास, बोटाला लागला तर दोनदा साबण लावूनही न जाणारा. खुराच्या तळाला, मागच्या बाजूला जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, ज्याला डॉक्टर फ्रॉग म्हणतात, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत काळा चिकट लगदा साचलेला असतो. औषध लावलं की आठ-दहा दिवसांत सुकतं. आपण निश्चिंत होतो. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. असं करत करत दसरा येतो, पाऊस जातो, खूर आपोआप बरे होतात आणि आपण विसरून जातो. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिला दिवस.

आमची पागा कोल्हापूरच्या पश्चिमेला, गगनबावड्याच्या रस्त्याकडे आहे. सहा जनावरं. चार वरातीला जातात, दोन शिकायला येणाऱ्या मुलांसाठी. या दुखण्याशी मी तीन पावसाळे झगडलो. चौथ्यात ते जवळजवळ थांबलं, आणि ज्याने थांबलं ते औषध नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी दुखणं हेच आहे ना, ते ठरवा

याचं नाव थ्रश. हवा न मिळणाऱ्या जागी वाढणारे जंतू, त्यात मुख्य फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम, फ्रॉगची शिंगासारखी कातडी खात जातात. सुरुवातीला घोडा लंगडत नाही, आणि म्हणूनच आपलं दुर्लक्ष होतं. मधली खाच तपासा. निरोगी खुरात ती अंगठा टेकवल्यासारखी उथळ आणि रुंद असते. तिथे फटच पडली असेल, आणि फडक्याची कड किंवा कापूस गुंडाळलेली काडी आत सेंटीमीटरभर सहज जात असेल, तर दुखणं तिथे मुरलंय. बाजूच्या खाचा कितीही स्वच्छ दिसोत, या फटीतून ते परत येणार.

घोडा अचानक पाय टेकेनासा झाला, खूर गरम लागतोय, खुराच्या वरच्या सांध्याजवळची नाडी ठणठण उडतेय, तर आत पू झाला असण्याची शक्यता आहे. फ्रॉगवर फुलकोबीसारखे मऊ, हात लावताच रक्त येणारे कोंभ दिसत असतील तर ते कँकर, त्याला शस्त्रक्रिया लागते. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, वजन मागे घेऊन घोडा अवघडून उभा असेल तर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांची सूज. या तिन्हींत घरी हात लावू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. आणि धनुर्वाताची लस झालीय का ते आजच वहीत बघा. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि पायाची जखम हा त्याचा सरळ दरवाजा आहे.

तीन पावसाळे चुकीच्या जागी

पहिल्या वर्षी मी औषधं बदलत राहिलो. प्रत्येक औषध दहा दिवस चाललं.

दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं की घाणीमुळे होतंय, ठाणं (घोडे बांधायच्या जागा) धुवा. मी रोज सकाळी पाइप लावून शहाबादी फरशी लख्ख धुवायला लागलो. त्या वर्षी सहापैकी पाच घोड्यांना झालं. आज कारण उघड दिसतं. जुलैत कोल्हापुरात धुतलेली फरशी संध्याकाळपर्यंत सुकत नाही. घाण गेली, पण घोडा चोवीस तास ओल्यावर उभा राहिला, आणि ओलीने फुगलेली शिंगाची कातडी जंतूंना आयतीच मिळाली.

तिसऱ्या वर्षी जाड बिछाना आणि वर चुन्याची फक्की. चुना टाकला की जागा निर्जंतुक होते हा आपल्याकडचा पक्का समज, गोठ्यातही आपण तेच करतो. पण मुताच्या ओलीवर चुना पडला की उलटच होतं. मुतातल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात. जमीन आम्लधर्मी असेल तर तो थोडाफार बांधून राहतो, आणि चुन्याने जमीन अल्कधर्मी झाली की वायू होऊन वर येतो. दार उघडल्यावर डोळ्यांत जे झणझणायचं त्याला मी चुन्याचा गुण समजत होतो. त्या पावसाळ्यात खुरांबरोबर दोन घोडे खोकायलाही लागले. फक्की भिंतीला लावा, रिकाम्या कोरड्या ठाणाला लावा. घोडा उभा असलेल्या ओल्या जमिनीवर नको.

डोळे मला उघडून दिले ते आमच्या मोतद्दार मामांनी. चाळीस वर्षं घोड्यांच्या पायाशी बसलेला माणूस. ते म्हणाले, "मालक, औषध वरनं लावताय, पर पायाखालचं कुठं बघताय? ही राणी बघा, कोपऱ्यात हाय, हिचं चारी पाय गेलं. आन् त्यो सोन्या भाईर पत्र्याखाली मुरमावर बांधलाय, त्याला काय झालंय का?"

सोन्याला खरंच काही झालं नव्हतं. तोच दाणा, तीच वैरण, तोच नालबंद, तेच औषध. फरक फक्त पायाखालचा.

एक बादली पाण्याची परीक्षा

हे तुम्ही आज करू शकता. ठाणातला बिछाना पूर्ण काढा, जमीन सुकू द्या. घोडा जिथे मुततो तिथे बादलीभर पाणी ओता आणि घड्याळ बघा. दहा मिनिटांनी पाणी कुठे आहे? नालीतून बाहेर गेलं असेल तर तुमची जमीन बरी आहे, दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधा. थारोळं साचून राहिलं असेल तर उतार नाही. आणि नालीत काही न येता पाणी दिसेनासं झालं असेल तर ते सगळ्यात वाईट, कारण ते फरशीच्या सांध्यातून खाली गेलंय.

राणीच्या ठाणात तेच झालं. दोन फरश्या उचलल्या तर खाली काळी माती, वर्षानुवर्षांचं मूत प्यालेली, चिखलासारखी. एक घोडा दिवसाला सात-आठ लिटर मुततो असं धरा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत एका ठाणात आठशे लिटरच्या वर. काळी माती ते धरून ठेवते, वर श्वास सोडत राहते. तुम्ही वरून कितीही कोरडा भुसा टाका, तो खालूनच ओला होतो.

दुसरी गोष्ट भिंतीबाहेर सापडली. पत्र्याला पन्हळ नव्हती. पागोळ्या थेट भिंतीच्या बुडाशी पडत होत्या, तिथे डबकं, आणि ती ओल जोत्यातून आत. राणीचा कोपरा नेमका पावसाच्या बाजूचा. कोपरा बाद म्हणून आम्ही तिथे सगळ्यात गरीब घोडी बांधत होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

जमीन कशी केली

पावसाळ्यात खोदकाम करू नका. आम्ही एप्रिल-मेमध्ये केलं. ज्यांना आत्ता जुलैत त्रास आहे त्यांनी आधी पन्हळ लावा आणि बाहेरून चर काढून पागोळीचं पाणी लांब न्या. तेवढ्यानेही फरक पडतो, आणि ते दोन दिवसांचं काम आहे.

ठाण १२ बाय १२ फुटांचं. फरशी काढली, मुतलेली माती फूटभर खाली काढून टाकली, महिनाभर उन्हात उघडं ठेवलं. मग दगडी सोलिंग, त्यावर मुरूम थराथराने टाकून पाणी मारून धुम्मस केला, आणि वर कोबा. कोबा गुळगुळीत करू देऊ नका. गवंड्याला घोटायची सवय असते, त्याच्या शेजारी उभं राहून ओला असतानाच खराट्याने रेघा मारून घ्या, नाहीतर घोडा उठताना घसरतो. उतार बारा फुटांत दोन ते तीन इंच, मागच्या नालीकडे. त्याहून जास्त दिला तर घोड्याचे पाय आणि पाठ सतत ताणात राहतात. त्याहून कमी दिला तर वर भुसा असताना मूत वाहत नाही.

कोब्याऐवजी नुसता दाबलेला मुरूम ठेवावा का, यावर आमच्यात वाद झाला. मुरूम पायाला मऊ, मामांचं मत त्याच बाजूने. जनावर दिवसाचा बराच वेळ बाहेर असेल आणि जागा उंचावर असेल तर मीही मुरूमच करेन. पण बंद ठाणात घोडा एकाच जागी मुततो, तिथे खड्डा पडतो, दर वर्षी उकरून नवा भरावा लागतो. आम्ही कोबा केला आणि वर गोठ्यासाठी मिळतात तसे रबरी मॅट टाकले. मॅटखाली ओल साचते, म्हणून दर पंधरा दिवसांनी उघडीप बघून ते उचलून उभे करायचे. हे टाळलं तर मॅट म्हणजे झाकलेलं गटार.

नाली उघडी आणि उथळ ठेवा. आम्ही आधी पाइप गाडला होता, महिन्यात तुसाने बुजला. शोषखड्डाही काळ्या रानात चालत नाही. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, खड्डा भरतो आणि उलट आत येतो. आता नाली सरळ गवताच्या पट्ट्यात सोडलीय.

बिछाना: इथे जे मिळतं त्यातलं काय

आपल्याकडे सगळ्यात स्वस्त म्हणजे उसाचं चिपाड, आणि पहिला मोह त्याचाच होतो. मीही ट्रॉलीभर आणलं होतं. कारखान्यातून निघालेल्या या चिपाडात, म्हणजे बगॅसमध्ये, जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं आणि थोडी साखर उरलेली असते. ढीग मारला की आतून तापतो, बुरशी धरतो. त्या बुरसटलेल्या बगॅसच्या धुळीने माणसांना फुप्फुसाचं दुखणं होतं, बगॅसोसिस नावानेच ते ओळखलं जातं. घोड्याचं फुप्फुसही अशा धुळीला नाजूकच. उन्हाळ्यात कडकडीत वाळवलेलं, नंतर अजिबात न भिजलेलं चिपाड चालेल, पण तसं ऑगस्टपर्यंत टिकवणं मला जमलं नाही.

पिंजर घोडा खातो, पाणी फार धरत नाही आणि पावसाळ्यात दोन दिवसांत बुरसटतो. पाचटाच्या कडा धारदार, ते नकोच. लाकडाच्या वखारीतला बारीक भुसा पाणी चांगलं शोषतो, पण ओला झाला की खुराच्या खाचेत सिमेंटसारखा बसतो. रंध्यातून निघालेल्या पातळ सालपटांचा भुसा मिळाला तर उत्तम, फक्त खिळे आहेत का ते चाळून घ्या.

आम्ही शेवटी भाताच्या तुसावर आलो. आजरा-चंदगडकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिथून पोती येतात. तूस पाणी फारसं पीत नाही, खाली जाऊ देतो, वरचा थर कोरडा राहतो. म्हणूनच तो उतार असलेल्या जमिनीवरच उपयोगी. सपाट जमिनीवर तूस टाकलात तर खाली तळं होईल. नव्या घोड्यावर चार दिवस लक्ष ठेवा, कुणी तूस खायला लागला तर पोटशुळाचा धोका आहे. पावसाळ्याचा साठा मेमध्येच भरा, फळ्यांवर रचा, ताडपत्रीने झाका.

लीद दिवसातून तीनदा घमेल्यात उचलायची. ओला झालेला भाग रोज काढायचा. घोडा बाहेर गेला की उरलेला बिछाना भिंतीकडे सारून मधली जमीन उघडी ठेवायची. पाणी मारून धुणं फक्त उघडीप असेल त्या दिवशी, आठवड्यातून एकदा, तेही घोडा दोन-तीन तास बाहेर राहणार असेल तर. आणि पहाटे दार उघडण्याआधी आत जाऊन उकिडवं बसा, घोडा आडवा पडल्यावर त्याचं नाक जिथे असतं त्या उंचीवर. दोन मिनिटांत डोळे चुरचुरले तर जमीन अजून ओली आहे. उभ्याने वास घेऊन हे कळत नाही.

चातुर्मास आणि ठाणबंद घोडा

हे लक्षात यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत. वरातीच्या घोड्याला या चार महिन्यांत काम नसतं, आणि त्यातला बराचसा काळ पावसाचा असतो. घोडा ठाणबंद होतो. चालताना खूर जमिनीवर टेकतो तेव्हा टाच किंचित पसरते, फ्रॉग दाबला जातो, उचलताना सुटतो. या उघडझापीने खाचांतला मळ आपोआप बाहेर पडतो आणि रक्त खेळतं. उभ्या घोड्याचं हे थांबतं. महिनोन्‌महिने थांबलं की टाचा आवळतात, मधली खाच मिटून फट होते, आणि आत हवा जाईनाशी झाली की जंतूंचं घर तयार.

म्हणून काम असो नसो, रोज निदान तासभर चालवा, दोन वेळांत विभागून. चिखलात नको, डांबरी किंवा मुरमाड रस्त्यावर, साध्या चालीने. भर पावसात जमलं नाही तर पत्र्याखालीच घोड्याला धरून फेऱ्या मारा. आम्ही सोन्याच्या पत्र्याखालची मुरमाची जागा वाढवून घेतली आणि आता सगळे घोडे पाळीपाळीने तिथे चार-पाच तास असतात. खुराला दिवसातून काही तास पूर्ण कोरडं मिळालं तर बाकीचं बरंचसं तो स्वतः सांभाळतो.

काम नाही म्हणून नालबंदालाही चार-चार महिने बोलवत नाहीत, ही त्याच्याबरोबरची दुसरी चूक. खूर महिन्याला जवळजवळ सेंटीमीटरभर वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी पाय झालाच पाहिजे, म्हणजे वाढलेला खूर छाटून घेतलाच पाहिजे. लांब वाढलेल्या टाचांत खाचा खोल होतात. शक्य असेल तर पावसाळ्यात नाल काढूनच ठेवा, मात्र हे खूर पाहून नालबंदाने ठरवायचं.

औषध, आणि काय लावू नये

औषध लागतंच, ते लागायचं थांबत नाही. फक्त त्याचा नंबर शेवटी. आधी लोंबणारी, कुजलेली सालं नालबंदाकडून किंवा डॉक्टरांकडून कापून घ्या, म्हणजे आत हवा जाईल. स्वतः चाकू चालवू नका, जिवंत भाग फार जवळ असतो. मग ब्रशने धुवा, फडक्याने पूर्ण कोरडं करा, खाचेत फडकं घालून पुसा. त्यावर पोव्हिडोन आयोडीन. मधल्या फटीसाठी त्यात भिजवलेला कापूस काडीने हलकेच आत बसवा आणि रोज बदला. हे दोन आठवडे न चुकता करायचं, वास गेला म्हणून पाचव्या दिवशी सोडायचं नाही.

साखर आणि पोव्हिडोन आयोडीन एकत्र घोटून केलेली घट्ट पेस्ट जगभर वापरतात आणि आम्हालाही तिचा चांगला गुण आला. दोन वाट्या साखरेला अंदाजे एक वाटी आयोडीन. साखर ओल ओढून घेते. मुंग्यांचा त्रास होतो, म्हणून फक्त फटीत भरा आणि वर कापूस लावा.

मोरचूद जपून. कोरडी पूड उघड्या मांसावर पडली तर भाजते, आणि त्याचं पाणी शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका, मेंढीला तांबं सहन होत नाही. जळकं ऑइल अजून बरेच जण चोपडतात. ते ओल आत कोंडतं आणि हवा बंद करतं, म्हणजे जंतूंना हवं तेच. फिनेल आणि फॉर्मालिन जिवंत कातडी जाळतात, त्या दुखण्याने घोडा पुढच्या वेळी पायच देत नाही. राणीच्या बाबतीत हे माझ्या हातून झालंय. तिला पुन्हा विश्वासाने पाय उचलून द्यायला दोन महिने लागले. रोज गुळाचा खडा हातात घेऊन मामा तिच्याजवळ बसत.

पुराच्या पाण्याबद्दल थोडं. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेने काय केलं ते आपण पाहिलंय. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठच्या पागेने ३९ ची वाट बघत बसू नये, त्याआधीच घोडे उंचावर हलवावेत. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या घोड्याचे चारही खूर परतल्यावर धुऊन, सुकवून, पुढचे दहा दिवस दोन वेळा तपासा. जिथून पाणी ओसरलं त्या ठाणातला सगळा बिछाना फेकून द्या, वरून कोरडा दिसला तरी.

या वर्षी आर्द्रात एका घोड्याला किंचित वास आला होता, चार दिवसांत गेला. राणीच्या मागच्या डाव्या पायाची फट मात्र अजून भरलेली नाही. नवी टाच वरून उतरून यायला वेळ लागतो, नालबंद म्हणतात संक्रांत उजाडेल. तोवर रोज संध्याकाळी कापूस बदलायचा आहे. आता ती आपणहून पाय उचलते.